पाणी खाली आणताना

प्रमिलाताईंशी माझं शेवटचं बोलणं झालं ते चिखलीच्या एका लहानशा दवाखान्यात, मार्च संपत आला होता तेव्हा. हाताला सलाईन लावलेली, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी स्टुलावर गप्प बसून राहिले. तर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "मंदा, थेंब लय जोरात पडून राह्यला. जरा कमी कर." मी नळीवरचं चाक फिरवलं. मग त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं. एक थेंब... बऱ्याच वेळानं दुसरा... त्यांनी मान हलवली. "आता बरोबर." थोड्या वेळानं म्हणाल्या, "यंदा वर नको जाऊ तू. थकली तू." मी त्यांची चादर सारखी केली. त्यांच्यासाठी पेज करायला घरी आले, डब्यात भरत होते, तेवढ्यात दवाखान्यातून यजमानांचा फोन आला. त्यांना नुसतं "मंदा" एवढंच म्हणता आलं. पेजेचा डबा ओट्यावर तसाच राहिला.

ताई माझ्या नणंद. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. ताई त्यांना बापू म्हणायच्या, म्हणून इथं मीही तसंच लिहिते. ताईंचे यजमान लग्नानंतर लवकरच गेले, मूलबाळ नव्हतं. चिखली आणि देऊळगाव राजाच्या मधल्या टेकड्यांत एक गाव आहे, तिथल्या उपकेंद्रात त्यांनी नर्सची सगळी नोकरी काढली. त्या गावात आज जी तरणी माणसं दिसतात त्यातली बरीचशी ताईंच्या हातावर जन्मली. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे चिखलीला येतील असं आम्ही धरूनच चाललो होतो, मागची खोलीही रिकामी केली होती. पण त्या आल्या नाहीत. "इथं मले सगळे ओळखतात," त्या म्हणाल्या, "तिथं मी फक्त बापूची बहीण." गावाच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर, मागं बरड जमिनीचा एक तुकडा आणि तो संपला की लगेच टेकडीची चढण. ती चढण म्हणजे "वर".

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, एका दुपारी, मागच्या दारातल्या धुण्याच्या दगडाजवळ एक तित्तराची मादी आली. मागं हरभऱ्याएवढ्या डोक्याची पिल्लं. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले. रात्रीच्या जेवणाआधी ताईंचा फोन आला; पायाळू बाळाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जसा व्हायचा तसाच होता. "अवं मंदा, साबणाचं पाणी पेऊन राह्यली होती लेकरं!" टेकडीच्या नाल्यात पूर्वी एक झिरा होता. ऐन मे महिन्यातही खड्डा उकरला की त्यात पाणी यायचं आणि टेकडीवरची पाखरं त्याच्यावर जगायची. खालच्या शेतांतून बोअर झाल्या आणि झिरा होळीलाच कोरडा पडायला लागला. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याचं पुढं काय झालं ते कुणी पाहायला गेलं नव्हतं.

ताईंनी वर नेऊन एक घमेलं भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यात एक पिल्लू बुडून मेलेलं सापडलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत असं शेजारणीनं मला नंतर सांगितलं. मग त्यांनी आपल्याच धंद्यातला उपाय काढला. बोरीच्या फांदीला पाण्याची कॅन टांगायची, तिला सलाईनची नळी लावायची आणि खाली पसरट दगडावर थेंब थेंब सोडायचा. दगडाच्या खळग्यात बोटाच्या पेराएवढंच पाणी साचायचं. बुडायला जागा नाही, उन्हानं आटायचं ते वरून भरून निघायचं, आणि झुडपाच्या आडोशामुळं शिकरा पक्ष्याला झडप घालता येत नसे. नळ्या मी चिखलीहून नेत असे. औषधाच्या दुकानातला माणूस दरवेळी काळजीनं विचारायचा, "काकू, घरी पेशंट कोण आहे?" मी ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "सांग त्याले, पेशंट लय आहेत, पण पलंग लागत नाही."

बापूंना मात्र हे थेंबांचं प्रकरण पोरखेळ वाटायचं. ते बांधकामावर देखरेखीची नोकरी करून निवृत्त झालेले, पक्क्या कामाचे भोक्ते. "एकदाच नीट बांधून टाकू ना ताई, तुमची रोजची धावपळ वाचेल." बहिणीसाठी काहीतरी करायची त्यांना फार दिवसांची इच्छा होती, हे मला कळत होतं. एका हिवाळ्यात त्यांनी वाळू, सिमेंट टेकडीवर चढवलं आणि हिवराच्या झाडाखाली स्वतःच्या हातांनी पाणवठा बांधला. कडा उतरत्या केल्या, पिल्लांना पायी आत जाता यावं म्हणून. काम सुंदर झालं होतं. एप्रिलमध्ये तित्तर आले, लावे आले, मोरही आले. ताई झुडपामागं बसून पाहत आणि बापूंना फोनवर सांगत. गावातले लोक बघायला यायचे, फोटो काढायचे. बापू चिखलीत ते फोटो ज्याला त्याला दाखवायचे.

मग मे महिन्यात एका सकाळी ताईंना पाणवठ्याच्या कडेला पिसं दिसली. वाकून पाहिलं तर बारीक नायलॉनचे फास, ओळीनं, मातीत दाबून बसवलेले. एकात तित्तराचा पाय अडकून राहिला होता... नुसता पाय. फास कुणाचे हे शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. गावातला सुखदेव रस्त्यावरच्या एका ढाब्याला पाखरं पुरवत होता. त्याच्या दोन्ही मुली ताईंच्या हातावर झालेल्या. ताई तडक त्याच्या दारात गेल्या. मी त्या दिवसांत तिथंच होते, त्यांच्या मागं मीही गेले.

"सुखदेव, काऊन रे असं केलं?" ताईंनी विचारलं.

तो खाटेवरून उठला, ताईंना बसायला जागा केली. उद्धटपणा नव्हता त्याच्यात, हेच जास्त वाईट होतं. म्हणाला, "बाई, राग नका धरू. पयले मले दिवसभर रान तुडवावं लागे, तवा एखांदं भेटे. आता तुमीच तं समदे एका जागी जमा करून देल्ले."

ताई बसल्या नाहीत, तशाच मागं फिरल्या. रस्ताभर मी सुखदेवला नावं ठेवत होते. घर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्याचं खरं आहे, मंदा." दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूंना बोलावून घेतलं आणि पाणवठा फोडायचा म्हणून सांगितलं. बापू आधी समजावत होते, मग चिडले. "पहारा ठेवू, तक्रार करू, पण बांधलेलं फोडायचं काय? मी काय तुमच्यासाठी फास बांधला होता?" शेवटी लोखंडी सब्बल ताईंनीच उचलली. पहिला घाव नीट बसला नाही, दुसरा बसला. बापूंनी त्यांच्या हातातून सब्बल घेतली, सगळा पाणवठा फोडला आणि त्याच पावली बस धरून चिखलीला परतले. पुढं बहीणभाऊ बोलायला लागले, राखीला, दिवाळीला येणंजाणं झालं, पण टेकडीचा विषय दोघांनीही काढला नाही. नंतर बापूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि चढण त्यांना कायमचीच बंद झाली.

ताई पुन्हा थेंबांवर आल्या. आता एका जागी पाणी नको, म्हणून टेकडीभर पांगवलेल्या कॅन, त्याही थोड्या थोड्या दिवसांनी जागा बदलून. सुखदेवला शोधावं लागलं पाहिजे, एवढाच हिशेब. पण त्यासाठी ताईंनाही तेवढंच चालावं लागायचं. दर उन्हाळ्यात मी मदतीला जायची. खरं सांगते, मला पाखरांचं वेड नव्हतं, आजही नाही. मी ताईंसाठी जात होते. दोन हातांत दोन कॅन, पायाखाली मुरूम घसरतोय, मानेवरून घाम वाहतोय, आणि पुढं ताईंची वाकलेली पाठ. वर पोचलं की आम्ही बोरीच्या तुटपुंज्या सावलीत बसून दम खायचो. एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, किती दिवस करायचं हो हे? पाखरांले सवय लागली, आता सोडताही येत नाही."

त्या टाच चोळत होत्या. म्हणाल्या, "मलेही तेच वाटते कधीकधी. नसतं सुरू केलं तं बरं होतं. पण चालू सलाईन मधातच काहाडता येत नाही ना." आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पुढच्या कॅनकडं निघाल्या. त्यांच्या तोंडून थकव्याचं एवढं एकच वाक्य मी ऐकलं.

या हिवाळ्यात त्या तब्येतीनं एकदम उतरल्या. आम्ही चिखलीला आणलं तर थोड्याच दिवसांत परत गेल्या. पुन्हा आणलं ते दवाखान्यातच. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

तेरावं गावातच झालं. सुखदेव पंगतीत वाढायला होता, डोळे सुजलेले. घर आवरून कुलूप लावायचं आणि निघायचं, असं आम्ही ठरवलं होतं. पण सकाळी टेकडीवरून तित्तरांचं ओरडणं ऐकू आलं आणि माझ्याच्यानं कुलूप लावणं झालं नाही. बापूंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. मी कॅन भरल्या आणि चढायला लागले. अर्ध्या वाटेत श्वास लागला. दगडावर बसून खूप वेळ विचार केला. रोज इथवर येणं मला झेपणार नव्हतं, आणि ताईंनी तर वर जाऊ नको असंच सांगितलं होतं. मग मनात आलं, पाणी तरी वरच कशाला राहायला हवं?

त्या दिवसापासून मी एकेक कॅन खाली आणायला लागले. एकदम नाही, आज या झुडपापासून त्या झुडपापर्यंत, दगडासकट. दोन दिवस थांबायचं, दगडाभोवती पावलांचे ठसे दिसले की आणखी थोडं खाली. मधे एकदा ठसे दिसेनात, तेव्हा कॅन पुन्हा वर न्यावी लागली. त्या चढणीत मी ताईंवर मनातल्या मनात चिडलेसुद्धा. एका सकाळी सुखदेव बांधावर उभा राहून पाहत होता. "वहिनी, पाणी घराकडं आणून राह्यल्या का?" मी म्हटलं, "हाव. तिथं माह्या डोळ्यापुढं राहील." तो हसला, थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्याच्या मनात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. कळेल असं वाटतही नाही.

मे लागला तेव्हा पाणी बरडात उतरलं होतं. गेल्या आठवड्यात मागच्या भिंतीजवळच्या करवंदीपाशी आलं. बापू मला न्यायला आले त्या दिवशी. दुपारची वेळ, ताटं वाढलेली. ते ताईंच्या खोलीत पलंगावर टेकले होते, तिथून मागची खिडकी दिसते. मी भाकरी घेऊन आत गेले तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. करवंदीखालून एक तित्तर बाहेर आला, मान उंच करून उभा राहिला. मग मादी आली. मग पिल्लं, एकामागून एक, दगडाच्या काठावर चढून चोची बुडवत.

बापू पुढं वाकले. फोटोंशिवाय त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. जिवंत, समोर, पाणी पिताना तर नाहीच.

"एवढीशीच असतात?" ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. हातातली भाकरी खाली ठेवली असती तर ताट वाजलं असतं, म्हणून तशीच धरून राहिले. जेवण निवत होतं. बाहेरची पाखरं सावकाश पाणी पीत होती, आणि आम्ही दोघं ताईंच्या पलंगावर, अंग न हलवता, त्यांचं पिऊन व्हायची वाट पाहत होतो.