उजवीकडून

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवासमोरही नाही.

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या मराठी मंडळात मला मान आहे. नवऱ्याच्या, सुधीरच्या, उजव्या डोळ्यात गाठ निघाली तेव्हा सगळं मीच पाहिलं. डॉक्टरांनी डोळ्याच्या मागे रेडिएशनची बारीक चकती टाके घालून बसवली, काही दिवसांनी काढली. ड्रॉप्सचे अलार्म, अपॉइंटमेंट, टॅक्सी — सगळं मी. गाठ मेली, डोळा राहिला. नजर मात्र रेडिएशननेच हळूहळू नेली. तसं होऊ शकतं, हे आधीच सांगितलं होतं. "तू होतीस म्हणून निभावलं गं!" — मैत्रिणी अजून म्हणतात.

एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. सुधीरने चहा ओतला की कपाबाहेर जायचा. एका सकाळी तो उकळता चहा माझ्या हातावर आला आणि मी सुधीरच्या थोबाडीत मारली. भाजलं म्हणून — असं म्हणता येईल ना? त्या एका वेळेपुरतं येईल.

पुढच्या वेळी चहा नुसता ओट्यावर सांडला होता. मी त्याच्या डावीकडे उभी होते. तिथून मारलं असतं तर हात येताना त्याला दिसला असता, त्याने मान फिरवली असती. म्हणून — हेच सांगायचं होतं — मी टेबलाला वळसा घालून उजवीकडे गेले आणि मूठ आवळून मारलं. गालाचं हाड माझ्या बोटांना लागलं. चष्मा सिंकमध्ये पडला. राग होता का? वळसा घालेपर्यंत राग टिकतो का? नव्हता. बरं वाटलं.

मग ते होतच राहिलं.

तपासणीला गेलो तेव्हा गालावरचा निळा डाग पाहून नर्सने विचारलं. सुधीर हसला. "कपाटाचं दार! या बाजूचं दिसतच नाही ना." मीही हसले. "दहादा सांगितलंय, ऐकेल तर शपथ!"

परवा एजवेअरला एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. सुधीरने खुर्ची ओढून भिंतीला अशी लावली, की उजवा गाल भिंतीशी आला.

"डोळ्यामुळे का हो?" तिने विचारलं.

"हो, डोळ्यामुळे."

माझ्यासाठी त्याने डावीकडची जागा ठेवली होती — जिथून माझे हात त्याला दिसतात.