चौथं काडतूस

माझी नोकरी कशी लागली हे मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की एका मेजरसाहेबांनी शब्द टाकला. तो त्यांनी का टाकला, ते आज लिहितो.

पानशेत फुटायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. चिंचवडला स्टेशनापासून जरा आत या निवृत्त मेजरसाहेबांची पत्र्याची शेड होती. पंपाचे भाग, ऑइल इंजिनांची दुरुस्ती, असलं काम चाले. मी तिथे फिटर होतो. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि आम्हा सगळ्यांचा एक डोळा तिकडे असायचा.

साहेबांना पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद होता. देहूरोडच्या रेंजवर दरवर्षी स्पर्धा व्हायची आणि दरवर्षी साहेब दुसरे नाही तर तिसरे यायचे. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की काडतुसं विकतची वापरायची नाहीत, परवान्यावर सामान आणून स्वतः भरायची. भरण्याचं काम त्यांनी शेडमधल्या मामांवर सोपवलं. मामा निघोज्याचे. इंद्रायणी ओलांडून सायकलवर येत. लढाईच्या काळात ते देहूरोडला दारूगोळ्याच्या कामावर होते, त्यामुळे या कामाला त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता. पिस्तूल माझ्याकडे आणि काडतुसं मामांकडे, अशी वाटणी झाली.

साहेबांना हवी होती ती शिशाची गोळी नेहमीच्या गोल टोकाची नव्हती. टोक चपटं आणि त्याच्या खाली एक धारदार खांदा. इंग्रजीत तिला सेमी-वॅडकटर म्हणतात. गोल गोळी निशाणाचा कागद फाडते, भोकाची कड पिंजते, मग रेषेला लागली की नाही यावर पंचांशी हुज्जत. ही मात्र पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ भोक पाडते. अडचण एवढीच की पिस्तूल गोल टोकासाठी बनवलेलं. मॅगझिनमधून वर येणारं काडतूस एका छोट्या उतारावरून घसरत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात शिरतं. गोल टोक घसरून जातं. चपटं टोक उतारावर धडकतं, आणि तिथून निभावलं तर तो खांदा चेंबरच्या तोंडाशी अडतो.

पहिल्या रविवारी पाचातली दोन अडकली. परत येताना मामा मला म्हणाले, "फिटरसाहेब, तुमचं पिस्तूल लई खानदानी हाय. चपट्या नाकाच्याला घरात घेत न्हाई."

मी उतार बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला. थोडा फरक पडला. मॅगझिनच्या वरच्या कडा किंचित उघडल्या, त्यानेही थोडा पडला. मग साहेबांना हिसका कमी हवा म्हणून मामांनी दारू कमी केली, तर स्लाइड, म्हणजे बार होताच मागे जाऊन पुढचं काडतूस आत ढकलणारा पिस्तुलाचा वरचा भाग, पुरती मागेच येईना. मी हलकी स्प्रिंग बसवली, तर स्लाइड पुढे जाताना दम सोडायला लागली. एक दुखणं बरं केलं की दुसरं उभं. दोन महिने आमचे याच्यात गेले.

शेवटी गुण आला तो मामांच्या हातून. गोळी पितळी केसमध्ये किती खोल बसवायची हे त्यांनी शोधून काढलं. खांदा केसच्या तोंडाबाहेर नखाच्या जाडीइतका राहिला पाहिजे. शिवाय गोळी आत घालताना केसचं तोंड थोडं पसरावं लागतं, ते नंतर परत मिटवायचं. जास्त आवळलं तर शिसं दबतं, कमी आवळलं तर कड अडते. त्यांच्याकडे पिस्तुलाची एक जुनी मोकळी नळी होती. भरलेलं प्रत्येक काडतूस ते तिच्यात सोडत. टक् आवाज करून बसलं आणि नळी उलटी केल्यावर आपल्या वजनाने बाहेर पडलं, तर पास. मग तोंडावरून नख फिरवत. नखाला लागलं तर ते वेगळ्या डब्यात. स्पर्धेच्या आधीचे तीन रविवार एकही काडतूस अडकलं नाही. स्पर्धेसाठीची काडतुसं मामांनी दोनदा तपासली, आणि दुसऱ्यांदा मी शेजारीच बसलो होतो.

स्पर्धेचा नियम असा की भरभर झाडायच्या पाच गोळ्यांत पिस्तूल अडलं तर पंच बघणार. दोष काडतुसाचा असेल तर पाचही गोळ्या पुन्हा मारायला मिळतात. नेमबाजाचा असेल तर न सुटलेल्या गोळ्यांचं शून्य.

साहेबांच्या तीन गोळ्या गेल्या आणि चौथं काडतूस तिरपं अडकलं. मी मागे बाकावर होतो. साहेबांचा अंगठा मला दिसत होता. घाईत तो वर सरकून स्लाइडला घासला होता आणि स्लाइडचा वेग तुटला होता. अंगठ्याच्या सांध्यावरचं कातडं सोललेलंही दिसलं. साहेबांनी तो हात खिशात घातला.

पंच एक तरुण कॅप्टन होते. त्यांनी काडतूस बाहेर काढलं. तोंडाशी चेपलं होतं, त्यावरून कुणालाच काही कळलं नसतं. पिस्तूल कोण बघतं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मला पुढे बोलावलं. साहेबांनी मला काहीही खुणावलं नाही, हे सांगायला हवं. ते समोरच्या टेकडीकडे बघत होते. पण नव्या कारखान्यात टूलरूममध्ये माणसं घेणार आहेत, तुझं नाव सांगू, असं ते मला त्याच आठवड्यात म्हणाले होते.

मी काडतूस नखाने चाचपल्यासारखं केलं आणि म्हणालो, "केसचं तोंड नीट मिटलेलं नाही. भरतानाच राहिलंय."

साहेबांनी पाचही गोळ्या पुन्हा मारल्या आणि ते पहिले आले. महिन्याभरात मला टूलरूमची चिठ्ठी आली.

सोमवारी शेडमध्ये साहेब मामांना हसत हसत म्हणाले की आता वय झालं, डोळ्यांना त्रास नको, काडतुसांचं काम बंद. त्यात राग नव्हता. उलट पेढे वाटले. पोरं मात्र मामांना आंधळे मामा म्हणायला लागली, आधी मागे, मग तोंडावर. दुपारी मामा माझ्याजवळ आले. मला वाटलं, विचारतील. ते म्हणाले, "एक नजरंतनं सुटलं राव. माझ्यापायी तुझ्या पिस्तुलाचं नाव गेलं आसतं."

मी म्हणालो, "होतं असं, मामा."

पुढे त्यांनी बारीक काम घेणंच सोडलं. कुणी माप बघायचा गेज हातात दिला तर दुसऱ्याकडून बघून घे म्हणत. वर्षभरात ते निघोज्याला शेतावर जाऊन बसले.

चार वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीवर दोर वळत बसले होते. मी थांबत थांबत सगळं सांगितलं. त्यांचे हात चालूच होते.

"म्हंजी काडतूस बराबर हुतं?"

"बरोबर होतं. साहेबांचा अंगठा लागला. मला दिसला होता."

ते म्हणाले, "म्या पुन्याला जाऊन डोळं तपासलं. डागदर म्हनला, वयापरमानं नजर झ्याक हाय. म्या त्यालाच खुळ्यात काढला." मग दोर खाली ठेवला. "मला सांगितलंस, ब्येस केलंस. शेडमदी सांगितलंस का?"

"नाही."

"मग तितं सांग. आंधळा म्हनत्यात ते तितं म्हनत्यात."

मी हो म्हणालो. त्यांनी मला बसवून घेतलं नाही, चहाही सांगितला नाही.

पुढच्या रविवारी मी शेडवर गेलो. साहेबांनी कौतुकाने टूलरूमची चौकशी केली, पोरांना बोलावून म्हणाले, बघा, इथून शिकून गेलेला माणूस. मी चहा प्यालो आणि परत आलो. आणखी एकदा फाटकापर्यंत गेलो, आत गेलो नाही. मग मामा वारले. साहेबही गेले, शेड विकली गेली.

साहेबांना आता काही फरक पडत नाही, म्हणून लिहितोय असं कुणी म्हणेल, तर ते खोटं नाही. पण शेडमधल्यांपैकी तिघं अजून आहेत, दोघं निगडीला, एक चिंचवडातच. परवा एका लग्नात त्यांच्यातला एक मामांची आठवण काढून हसला, आणि नाव घेताना आंधळे मामाच म्हणाला. हे छापून आलं की मी तिघांच्याही घरी जाणार आहे. पान हातात देईन आणि त्यांचं वाचून होईपर्यंत समोर बसेन.