तीन दाखवणारी कॉइल

माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर महिनाभर आमची व्हॅन दारात उभी होती. जुनी, पेट्रोलवर चालणारी, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली गाडी. गावातल्या नऊ पोरींना हे रोज तिच्यातून सेनगावच्या शाळेत न्यायचे, आणायचे. गाडीचं सगळं कामही स्वतःच करायचे. आता उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि बोलणं पार विस्कटून गेलं होतं. पाणी हवं असलं की ‘टायर’ म्हणायचे आणि आपलं चुकलं हे कळून डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले होते, शब्द येतील परत, घाई करू नका.

मला गाडी चालवता येत होती. यांनीच हट्टानं शिकवली होती, लायसन काढायला लावलं होतं. पण शेतातून सोयाबीनची पोती घरी आणण्यापलीकडे मी ती कधी नेली नव्हती. एका दुपारी पोरींच्या आया घरी आल्या.

“मावशी, तुमीच चालवा,” त्यातली एक म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या भरवशावर पोरी न्हाई धाडत आमी.”

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी स्टिअरिंगवर बसले.

पहिले काही आठवडे बरे गेले. ऊन तापायला लागलं तशी गाडी वाटेत बंद पडायला लागली. सकाळी जाताना काही नाही. दुपारी परत येताना सहा-सात किलोमीटर झाले की आचके द्यायची आणि एकदम गप्प. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन धरायचं नाही. अर्धा तास बाभळीखाली थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. मिस्त्रीनं दोनदा कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. तरी तेच.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे बराच वेळ ओठांशी झगडत राहिले आणि मग म्हणाले, “कॉइल.”

मी उन्हातनं दमून आले होते. “मिस्त्री म्हणतो पेट्रोलमधी कचरा हाय. तुमी हितं बसून कसं सांगता?”

त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत.

मग बारावीच्या सराव परीक्षेचा दिवस आला. सकाळी आधी एका आजारी बाईला सेनगावला सोडून मी परत आले आणि तशीच पोरींना घेऊन निघाले. इंजिन तापलेलंच होतं. निम्म्या वाटेत गाडी बंद. परीक्षेच्या तिघींना मी एका भरलेल्या जीपमध्ये कसंबसं बसवलं. एकीचा अर्धा देह बाहेरच होता. जीप दिसेनाशी होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाकीच्या पोरींना सावलीत बसवलं आणि मी सीट उचलली. कॉइल म्हणजे पाणी प्यायच्या गडव्याएवढा डबा, तो बॅटरीच्या विजेचा दाब वाढवून प्लगला ठिणगी पुरवतो, एवढं मला यांच्याकडून ऐकून ठाऊक होतं. त्यावर हात ठेवला आणि झटक्यानं मागं घेतला. तव्यासारखा तापला होता.

संध्याकाळी मी यांच्यासमोर बसले. “तुमचं बराबर होतं. कॉइलच हाय.”

मला वाटलं, यांना बरं वाटेल. यांचा चेहरा उलट जास्तच उतरला. डाव्या हाताची तीन बोटं वर करून म्हणाले, “तीन.”

“तीन कॉइली आणू?”

“न्हाई.”

“तीन नंबरची?”

“न्हाई, न्हाई!”

शेवटी काठी टेकत स्वतः उठले आणि पेटीतून तारेतला अडथळा मोजायचा आपला मीटर काखेत धरून घेऊन आले. त्याच्या दोन वायरी माझ्या हातात दिल्या. आधी त्यांची टोकं एकमेकांना टेकवायला लावली. मीटरवर जवळजवळ शून्य आलं. मग गाडीतली थंड झालेली कॉइल मला सोडवायला लावली आणि तिच्या वरच्या दोन बारक्या स्क्रूंना ती टोकं लावायला सांगितली. मीटरवर दीड आलं. यांनी पुन्हा तीन बोटं दाखवली.

तेव्हा मला उमगलं. “हितं तीन यायला पायजे व्हय? म्हंजे ही कॉइल आपल्या गाडीची न्हाईच?”

“व्हय.”

“मग बसवली कुणी?”

यांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

बाकीचं मी विचारत गेले आणि हे ‘व्हय’, ‘न्हाई’ करत गेले. झटका यायच्या आदल्या आठवड्यात जुनी कॉइल गेली होती. शाळेची फेरी चुकू नये म्हणून मिळाली ती बसवली. असल्या कॉइलला करंट आवरायला रेझिस्टर नावाचा वेगळा एक तुकडा जोडावा लागतो, नाहीतर ती तापत जाते. हे त्यांना माहीत होतं. उद्या आणू, परवा आणू म्हणत होते, तेवढ्यात दवाखाना झाला. मी पोरींना घेऊन गेले की परत येईपर्यंत हे दारातच बसून असायचे. मी समजत होते, घरात करमत नाही म्हणून.

“पोरी...” म्हणाले आणि रडायला लागले. लग्नाला वीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

“तुमी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “मीच ऐकलं न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस सुट्टी होती. तीच कॉइल परत बसवून थंड वेळेत, मध्ये थांबून गाडी निववत आम्ही हिंगोली गाठली. दुकानदारानं न बघता एक खोका पुढं सरकवला. “सब में यही लगती है, ताई.”

मी घरून आणलेल्या मीटरच्या वायरी लावल्या, यांनी आकडा पाहिला. दीड. खोका परत केला. दुसरीवर तीन आलं. मी खूश झाले, पण यांनी जाड वायर बसते त्या मधल्या भोकाकडे बोट केलं. एक टोक तिथं लावलं तर मीटर हलेचना. आतली तार तुटलेली होती.

“नयी है, पॅक है,” दुकानदार वैतागला. मग त्यानं स्वतः मीटर हातात घेऊन तपासलं. आतून आणखी खोके आणले. यांच्यासाठी स्टूलही आणलं.

“बैठो भाई,” तो म्हणाला, “आराम से देखो.”

चौथ्या कॉइलवर दोन्हीकडचे आकडे बरोबर आले. तरी यांनी दोनदा मोजायला लावले आणि मग म्हणाले, “ही.”

परतीलाही तसंच थांबत घरी आल्यावर ती कॉइल तासभर तापलेल्या पत्र्यावर ठेवायला लावली. गरम झाल्यावर परत मोजली. आकडा किंचित वाढला होता, तेवढा चालतो अशी यांनी मान हलवली. मग हे बोट दाखवत गेले, मी पान्यानं नट आवळत गेले. जाड वायर लाकडी चिमट्यात धरून इंजिनच्या लोखंडापासून जराशी दूर ठेवली आणि यांनी डाव्या हातानं चावी फिरवली. टक्‌ टक्‌ आवाज करत निळी ठिणगी उडाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं सेनगावला दोनदा जाऊन आलो. ती नेहमीची बाभूळ मागं पडली तेव्हा यांचा हात डॅशबोर्डवर घट्ट होता. गाडी कुठंच थांबली नाही.

शाळेच्या दिवशी सकाळी पोरींच्या आया दारात जमल्या तेव्हा हे काठी टेकत बाहेर आले. मला बोलू दिलं नाही.

“चूक,” म्हणाले. बराच वेळ थांबले. सगळ्या जणी वाट बघत उभ्या राहिल्या. “चूक... माझी होती.”

मग जिची पोरगी त्या दिवशी जीपमध्ये अर्धी बाहेर बसली होती, ती पुढं आली.

“भाऊ, पोरी घरी आल्या ना सगळ्या,” ती म्हणाली. “तुमी आता बसा बरं. उभं राहू नका इतका वेळ.”

तिनं ओसरीवरची खुर्ची ओढून यांच्यामागं ठेवली, आणि मी पोरींना गाडीत बसवायला लागले.