मायने विचारलेला प्रश्न

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांना मी हसायचे. माझं कामच आकडे तपासून बघण्याचं... उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, आठवणी तिथे घडतात. तिथल्या काही पेशी बाकीच्या पेशींना शांत ठेवतात. त्या पेशींमध्ये कुठली जनुकं चालू, कुठली बंद, ते मी शोधते. उंदीर पुण्याच्या लॅबमध्ये — आणि मी आर्णीला, घरी, लॅपटॉपसमोर. मायसाठी. बाबा गेले आणि माझ्या आईचं विसरणं वाढतच गेलं. वर्षभरात तिने मला नावाने हाक मारली नव्हती. मला 'बाई' म्हणते, अहोजाहो करते.

मागच्या हिवाळ्यातली दुपार. जेवण करून माय शेजारच्या शांताकाकूंच्या ओसरीवर जाऊन बसली होती. मी लॅबमधल्या मृणालशी कॉलवर होते. ती फाइल शोधत होती, मी थांबले होते. तेवढ्यात मागून, स्वयंपाकघरातून, मायचा आवाज —

"काय करून राह्यली वं बबे?"

बबी! मला वाटलं, काकूंनी तिला मागच्या दाराने आणून सोडलं असेल. पण मी वळले नाही. वळले आणि ती पुन्हा 'बाई' म्हणाली तर...

"उंदराच्या डोक्यातल्या पेशी पाहून राह्यली, माय. बाकीच्यांना चूप बसवणाऱ्या."

"अन् त्याच थकल्या तं?"

"मंग साऱ्या एकदम बोलतात. कोणाचंच धड ऐकू येत नाही."

मग हळूच — "तसंच होते वं. लय गलका होते. तुहं नाव त्यातच कुठीतरी रायते."

मी वळले. स्वयंपाकघर रिकामं. मागच्या दाराला आतून कडी. पुढच्या दारासमोर तर मीच बसले होते.

तशीच काकूंकडे धावले. माय तिथे तुरीच्या शेंगा सोलत होती.

"काकू, माय आता घरी आलती का?"

"नाही वं. जेवल्यापासून अठीच हाये. उठली बी नाही."

मी तिच्यासमोर बसले. "माय, मी बबी."

तिने ओंजळभर दाणे माझ्या हातात दिले. "घ्या बाई," म्हणाली.

भास झाला म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण कॉल चालूच राहिला होता. परत येऊन बसले तर मृणाल म्हणते, "अगं, कुठे गेलीस? आणि तुझ्या आई किती गोड बोलतात! शेवटचं नीट कळलं नाही मला... गलका म्हणाल्या ना?"

मी "हो" म्हटलं आणि फाइल उघडली.

तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "तुझ्या आईंशी बोलू दे ना जरा." मी म्हटलं, झोपलीय. माय समोरच बसली होती, खिडकीबाहेर बघत.

हे काय होतं, मला आजही माहीत नाही. कुणाला कळत असेल तर जरूर सांगा — फक्त भास होता, एवढं म्हणू नका.