शपथेला नाही म्हणणाऱ्या डॉ. सुमनताई

डॉ. सुमनताईंचे पहिले दर्शन मला भांडतानाच घडले. जालन्यातल्या त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक म्हणून रुजू झाले, त्याच सकाळी एक मामा आपल्या भाच्याला त्याच्याच लेकराच्या डोक्यावर हात ठेवून नशा सोडण्याची शपथ घ्यायला लावत होते. ताईंनी त्यांना शपथेच्या नारळासकट बाहेर काढले. "बापजाद्यांची रीत हाय, अन् ह्या बाई आम्हालाच शिकवून राह्यल्या!" म्हणत मामा तणतणत गेले.

त्यानंतर ताईंनी मला जे समजावले, तेच त्यांचे आयुष्यभराचे काम. माणूस धास्तावला, चारचौघांत खाली मान घालावी लागली, की अंगात ताणाची संप्रेरके वाढतात. ती मेंदूचा सुखाचा भाग हुळहुळा करून ठेवतात. अशा वेळी झोप उडवणारी नशेची गोळी पोटात गेली, की तीच गोळी जास्त चढते आणि सुटलेली तलफ परत उसळते. शपथेने गोळी सुटत नाही, धास्ती तेवढी वाढते, हे ताई प्रत्येक नातेवाइकाला न कंटाळता सांगत आल्या आहेत.

मंठ्याच्या नामदेवला ट्रक चालवताना या गोळ्यांची सवय लागली होती. ताईंनी त्याला त्यातून बाहेर काढले, आणि त्याच्याकडून काही वदवून घेऊ नका, असे घरी जाऊन बजावले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पालथ्या घड्यावर पाणी! ताईंची पाठ फिरताच चुलत्यांनी भावकी जमवली आणि नामदेवचा हात त्याच्या मुलीच्या डोक्यावर ठेवलाच. त्या धास्तीत त्याने पुन्हा गोळ्या घेतल्या, आणि त्यातच हृदय बंद पडून तो गेला. त्या चुलत्यांचा मला आजही संताप येतो.

आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्याची छोटी गौरी अन्नाला शिवत नव्हती. ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. गौरी म्हणाली, "बाबांनी शपथ मोडली. मंग मी कवा मरणार?"

"शपथेनं कुणी मरत नाही, बाळा. मी दर महिन्याला येऊन तुला बघून जाईन."

दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढत ताई अजून जातात. ताई दिसल्या की गौरी जेवते. चार दिवस उशीर झाला, की ताट परत सारते.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, असे आम्ही सगळेच म्हणतो. मी मात्र हट्टाने मागते. ताई आज गेल्या, तर शपथेनं कुणी मरत नाही हा तिचा विश्वासच जाईल, आणि ती पोर पुढची पाळी आपलीच समजेल.