बकुळाबाई बाहेर बसल्या

बकुळाबाईंपुढे हात टेकले नाहीत असा माणूस तलासरीकडच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात एकही नव्हता. मी कंपाउंडर, त्यामुळे सगळ्यांत आधी टेकलेले हात माझे. डहाणूच्या चिकूवाडीवाल्यांची ही लेक घरच्यांशी भांडून नर्स झाली आणि अठ्ठावन्न साली इथे आली, तीही भांडतच. काळजी वाटली की ओरडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बाळंतिणीसाठी स्वतः पेज शिजवायच्या आणि ती संपेपर्यंत उशाशी उभं राहून तिलाच फैलावर घ्यायच्या!

त्याच वर्षी लाडकी आली, पहिलटकरीण. मुलगा झाला, पण दूध उतरेना. पोर ओढून ओढून दमायचं, रडायचं. वरचं दूध पचत नव्हतं, अंग सुकत चाललं होतं. बकुळाबाईंनी लाडकीच्या आईला, सुकीला, बाहेर काढलं, नवऱ्याला पिटाळलं. मग लाडकीवरच उखडल्या, "अगं, नीट धर! उपाशी मारतेस का त्याला?" लाडकी नुसती थरथरायची. मला तर बाईंचं तोंड शिवून टाकावंसं वाटे.

शेवटी डॉक्टर वैतागले. "बाई, दूध छातीत आहे. पोर ओढतं तो निरोप मणक्यातून वर मेंदूच्या देठात जातो आणि तिथून पुढे मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीपर्यंत. ती रक्तात हार्मोन सोडते, तेव्हा पान्हा फुटतो. आई घाबरलेली असली की सगळं अडतं. सुकीला आत पाठवा, आणि तुम्ही बाहेर बसा."

"मी?"

"तुम्हीच."

बाई लालबुंद होऊन ओट्यावर येऊन बसल्या. आत पोर रडतच होतं. त्या उठायच्या, तोंड उघडायच्या, मी डोळे वटारले की पुन्हा बसायच्या. किती वेळा वटारायचे माणसाने?

आणि रडणं एकदम थांबलं.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. पोर गेलं, असंच त्यांना वाटलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांनी स्वतःच पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. ते पाहून माझा इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला.

सुकी दारात आली.

"बाय, पान्हा आला. पोर पितंय. आता बोल तू."

बकुळाबाईंनी बोळा काढला आणि त्या लाडकीसाठी पेज शिजवायला उठल्या.