भावाचा ड्रम आत शिरण्याआधी

पत्रक लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला वाटायचं. ऊसतोड बायकांना दवाखाना द्या, पोरांना शाळा द्या, मुकादमाला जाब विचारा. विषय कसलाही असो, मी एका पानात पेटवून देते. म्हणून गिटारवाल्याच्या बँडचं पत्रकही मीच लिहिलं. तिथेच वाटोळं झालं.

गिटारवाला उमापूरच्या बागायतदाराचा मुलगा. कापूस ठेवायच्या शेडमध्ये त्याचा बँड वाजायचा: तो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला एक कीबोर्डवाला आणि ड्रमवर माझा धाकटा भाऊ. आम्ही शिरूर कासारचे. भाऊ सहा महिने ड्रम वाजवतो आणि सहा महिने बायकोसोबत ऊस तोडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडची मोजणी. माणसं दोन आणि कोयता एक! त्यावरही माझी पत्रकं आहेत.

गिटारवाल्याला स्मूथ जॅझचा नाद. तापल्या अंगावरून ओला पंचा फिरवावा, तसे त्याचे सूर. भाऊ म्हणायचा, "लई गोड हाय, पण झोप येती राव." मग गिटारवाल्याने त्याला ॲसिड जॅझ ऐकवलं, पायाला स्वस्थ बसू न देणारं. दोन्ही मिळून त्यांनी एक धून बांधली. आधी एकटी गिटार, मऊ, लांबत जाणारी. एका जागी ती थांबते आणि भावाचा ड्रम आत शिरतो. शेडच्या कोपऱ्यात मी पत्रकं लिहीत बसायचे. ती जागा आली की वाक्य अर्धंच राहायचं.

भावजयीने ती धून कधीच ऐकली नव्हती. तिला रोज कुणाच्या तरी रानात खुरपायला जावं लागे. तिला ऐकवायचं म्हणून ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या रविवारी कार्यक्रम ठरला. बीडमधल्या एका कोचिंग क्लासचा हॉल मिळाला, चार ते सहा. सहाला त्यांची बॅच.

पत्रकात मी लिहिलं, 'उठा! हजारोंच्या संख्येने सामील व्हा!' बँडचं खाली, बारीक अक्षरात. सवयच तशी.

लोक आले ते अर्ज घेऊन. एका म्हाताऱ्याने गिटारवाल्यालाच धरलं, "साहेब, आमचं नाव यादीत कावून न्हाई?" दोन पुढारीही आले. पुढारी आले म्हणजे सत्कार आलाच. शाली ठेवायला जागा नव्हती, त्या कीबोर्डवर ठेवल्या. मग एक पुढारी माईकवर म्हणाला, "आपला कष्टाळू कोयता ही जिल्ह्याची शान हाय."

शान? पहिल्या रांगेत माझी भावजय बसलेली, हाताला घट्टे. मी माईक हिसकावला आणि पाऊण तास बोलले. टाळ्या पडत होत्या. मागे गिटारवाला तारा जुळवत होता. मला ऐकू येत होतं, तरी मी थांबले नाही. त्या भाषणातला शब्दन् शब्द खरा होता, हे मी आजही म्हणते.

सहाला थोडीच मिनिटं उरली तेव्हा गिटार सुरू झाली. हॉल गप्प झाला. म्हाताऱ्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला. भावजय पुढे वाकून ऐकत होती. भावाने काठ्या उचलल्या.

तेवढ्यात दार उघडलं. दप्तरं घेऊन पोरं आत घुसली. क्लासचा शिपाई म्हणाला, "चला, वेळ संपली. खुर्च्या सोडा." भावाने काठ्या खाली ठेवल्या.

बाहेर भावजय त्याला विचारत होती, "आवो, तुमचं कवा येणार होतं?"

"आता येणारच होतं," तो म्हणाला.

मंगळवारी टोळीचा ट्रक गेला. आठवड्याने मी फोन केला. "रागावलास का रे?"

"न्हाई आक्का. भाषण लई भारी झालं तुजं." मागे कुणीतरी त्याला मोळी उचलायला हाका मारत होतं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी उमापूरला जाते तेव्हा गिटारवाला एकटाच असतो. ड्रमवर पोतं टाकलंय. तो धून वाजवतो, त्या जागी येतो आणि थांबतो. पाय मात्र ठेका मोजत राहतो. पुढचं सगळं मला पाठ आहे. तरी मी कान देऊन बसते, आणि पोत्याखालून काहीही येत नाही.